साडेतीनशे रुपयांत दारात गाडी धुणारा: महाबळच्या एका गिऱ्हाईकाचा अनुभव

गाडी धुऊन झाली आणि त्यानं बादली माझ्यासमोर तिरकी केली. वरचं गढूळ पाणी सोडून दिलं, तळाशी बसवलेली जाळी उचलली आणि म्हणाला, "मावशी, हात लावून बघा." मी चिमूटभर गाळ उचलला. बारीक वाळू, शेतरस्त्याची काळी माती आणि कसली तरी चमकणारी कच. दोन बोटांत चोळली तर कचकच वाजली. "हे फडक्यात राहिलं असतं ना, तर सगळं तुमच्या बॉनेटवर फिरलं असतं." माझ्या गाडीवरचे जुने ओरखडे कुठून आले ते मला त्या दिवशी समजलं.

मी जळगावात महाबळला राहते. ३४ वर्षं बँकेत नोकरी केली, शेवटची बरीच वर्षं कर्ज विभागात. पांढरी वॅगनआर आहे, आठ वर्षांची. आमच्या ह्यांचा केळीचा मळा यावल तालुक्यात आहे, त्यामुळे गाडी आठवड्यातून दोनदा तापीचा पूल ओलांडते आणि परतताना अर्धा शेतरस्ता अंगावर घेऊन येते. दीड वर्षापासून पिंप्राळ्याचा एक मुलगा ती दारात येऊन धुतो. तीनचाकी मालगाडी, तिच्यावर ३०० लिटरची निळी टाकी, मागे प्रेशरचं मशीन आणि व्हॅक्युम. एकटाच असतो.

हे त्याच्या कामाबद्दल आहे आणि तेवढंच त्याच्या दराबद्दलही. कारण कॉलनीत मला कुणी "गाडी कशी धुतो?" असं विचारत नाही, "साडेतीनशे कशाचे घेतो?" असं विचारतात. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. हा भाव ठरला तेव्हा वही घेऊन मी त्याच्या शेजारी बसले होते. तो माझ्या नात्यातला नाही, त्याच्या धंद्यात माझा एक रुपया नाही, आणि मी इतरांइतकेच पैसे देते. तरी मी अगदी त्रयस्थ नाही, हे वाचणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

त्याच्या आधी मी हायवेवरच्या एका वॉशिंग सेंटरला जायची. नाव घेत नाही. तिथे एकच बादली आणि एकच फडकं असायचं. चाकं त्यानंच पुसायची, दारंही त्यानंच, शेवटी काचही. साबण म्हणजे कपड्यांची पावडर. एका संध्याकाळी ऊन तिरपं पडलं होतं आणि बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसले. दुसऱ्या दिवशी जाऊन दाखवले तर उत्तर मिळालं, "ताई, ते आधीपासूनच होते." वाद घालून उपयोग नव्हता. रंग काही परत येत नाही.

आता याचं काम. मंगळवारी सकाळी सातच्या सुमारास येतो. आल्या आल्या पाणी सुरू करत नाही, आधी आमच्या प्लगला टेस्टर लावून अर्थिंग बघतो. त्याच्या एक्स्टेन्शन बोर्डालाच ईएलसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच, बसवलेलं आहे. ओल्या फरशीवर उघड्या पायांनी उभं राहून दीड हजार वॉटचं मशीन चालवायचं तर हे हवंच. शेजारच्या गल्लीत एका घरी अर्थिंग मिळालं नाही, तिथे त्यानं मशीन लावायला नकार दिला. गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप काढला आणि कमी जोराच्या पाण्यानं वेळ लावून काम केलं. लाइट गेली तरी हाच पंप कामाला येतो, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे लाइट जाणं नवीन नाही. आमच्या विजेचं म्हणाल तर मशीन जेमतेम दहा मिनिटं चालतं, म्हणजे पाव युनिट. अडीच-तीन रुपये. यावरून कटकट करणारे लोक आहेत म्हणून लिहिलं.

पहिलं पाणी चाकांच्या वरच्या खाचेत मारतो. यावलहून आलेली गाडी असेल तर तिथून काळ्या मातीची ढेकळं पडतात, पावसाळ्यात अक्षरशः पाटीभर. मग वरून खाली. नळी रंगापासून हातभर लांब धरतो, कारण जवळ नेली की दगडानं टवका उडालेला रंग आणखी निघतो आणि दारांची रबरं सैल होतात. त्यानंतर फोम. चार मिनिटं फोम तसाच सोडतो, हात लावत नाही. मला सुरुवातीला वाटायचं हा वेळ काढतोय. पण त्या चार मिनिटांत फोम खाली ओघळताना धूळ सोबत घेऊन उतरतो, आणि हातानं घासायला फार थोडं उरतं. मग दोन बादल्या: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं पाणी आणि तळाला जाळी. हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक पत्रा पुसायचा, साध्या पाण्यात खळबळायचा, परत शाम्पूत. चाकांची फडकी वेगळ्या रंगाची, ती गाडीच्या अंगाला कधीच लागत नाहीत.

पुसायला जाड मायक्रोफायबरचा टॉवेल आहे. शेवटचा हात मारायला आणि काचांना तो जारचं पाणी वापरतो. कारण त्याच्या टाकीतलं पाणी घरच्या बोअरचं, आणि आपल्या भागातल्या बोअरच्या पाण्यानं नळाच्या तोट्या कशा पांढऱ्या होतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेच क्षार काळ्या गाडीवर सुकले की ठिपके पडतात आणि साध्या धुण्यानं जात नाहीत. म्हणून मे महिन्यात तो नऊनंतर गाडी घेत नाही. पारा ४४-४५ वर गेला की पत्रा एवढा तापतो की पाणी पुसायच्या आत सुकतं. कितीही आग्रह करा, "मावशी, उद्या सकाळी" हेच उत्तर. या एका बाबतीत तो हट्टी आहे आणि त्याचा हट्ट बरोबर आहे.

पाणी किती लागतं, हे मी स्वतः मोजलं. त्याच्या टाकीवर खुणा आहेत. धुण्याआधी आणि नंतर पाहिलं तर माझ्या गाडीला ६० लिटर, फार माखलेली असेल तर ७०. पूर्वी आमचे हे अंगणात बागेची नळी लावून धुवायचे, तेव्हा नळी वीस मिनिटं वाहायची. मिनिटाला बारा लिटर धरले तरी २४० लिटर झाले. जळगावाला वाघूर धरणाचं पाणी येतं आणि आमच्या कॉलनीत नळ रोज येत नाही. बंगळुरात मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यानं गाडी धुवायला बंदी आली आणि ५,००० रुपये दंड ठेवला, ही बातमी मी त्याला वाचून दाखवली होती. तेव्हापासून तो गिऱ्हाइकाच्या नळाचं पाणी मागतच नाही, टाकी भरूनच घरून निघतो.

केळीच्या चिकाची गोष्ट सविस्तर सांगते, कारण रावेर-यावलकडच्या प्रत्येक गाडीवाल्याला ती कामाची आहे. मागच्या श्रावणात पूजेसाठी केळीचे दोन खांब आणि एक घड डिकीत टाकून आणले. कापलेल्या दांड्याचा चीक डिकीच्या दारावर ओघळला. ताजा असतो तेव्हा तो पाण्यासारखा दिसतो, कुणाचं लक्ष जात नाही. दुसऱ्या दिवशी तांबूस, तिसऱ्या दिवशी काळपट तपकिरी. धोतराला लागला तर धोतर फाटेल पण डाग जाणार नाही, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत आहे. पांढऱ्या पत्र्यावर ती तपकिरी धार पाहून माझ्या पोटात गोळा आला. आमचे हे खरखरीत घासणी घेऊन निघाले होते, मी थांबवलं.

मुलगा आला, त्यानं बोट फिरवून पाहिलं. एक फडकं कोमट शाम्पूच्या पाण्यात भिजवलं आणि डागावर पोटीस लावावं तसं चिकटवून ठेवलं. दहा मिनिटांनी काढलं, पुन्हा नवीन लावलं. असं तीनदा. मग बोटाच्या टोकानं, अजिबात जोर न लावता, एकाच दिशेनं पुसलं. बराचसा डाग फडक्यावर आला. उरलेल्या पिवळसर छटेवर त्यानं पॉलिशचा एक थेंब फिरवला. आज तिरप्या उन्हात पाहिलं तर जागा ओळखू येते, पण ती मला. दुसऱ्या कुणाला दिसत नाही. रबराच्या पट्टीवर आणि डिकीतल्या गालिच्यावर मात्र डाग कायमचा आहे, आणि तो जाणार नाही हे त्यानं हात लावायच्या आधीच सांगितलं होतं. या कामाचे त्यानं १०० रुपये जास्त घेतले. पाऊण तास जास्त लागला होता.

आता जे बरोबर नाही तेही लिहिते. फोन उचलत नाही. हात ओले असतात हे मान्य, पण संध्याकाळीही उलट फोन येत नाही, निरोप दुसऱ्या दिवशी मिळतो. आतल्या काचा हा त्याचा कच्चा भाग. पुढची काच आतून पुसली तरी रात्री समोरच्या गाडीचा उजेड पडला की फडक्याचे पट्टे दिसतात, मी चार वेळा सांगितलं तेव्हा आता कुठे सुधारलं आहे. एकदा पायाखालच्या मॅट ओल्याच टाकून गेला, दोन दिवस गाडीत कुबट वास होता. मशीनचा आवाज मोठा आहे आणि सकाळी सात ही काही लोकांची झोपेची वेळ असते. सुरुवातीला साबणाचं पाणी उतारानं शेजाऱ्यांच्या फाटकासमोर जायचं, त्यावरून बोलाचालीही झाली. आता तो गाडी आधी उताराकडे तोंड करून लावायला सांगतो आणि पाणी आमच्याच गटारीत जातं.

गाडीची खालची बाजू त्याच्याकडून धुऊन होत नाही. त्याच्याकडे रॅम्प नाही, वाकून जेवढं दिसेल तेवढंच. पावसाळा संपला की खालून धुण्यासाठी एकदा वॉशिंग सेंटरला जावंच लागतं, आणि तसं तो स्वतः सांगतो. इंजिनवर पाणी मारायला तो साफ नाही म्हणतो. वायरिंगच्या जोडांत पाणी शिरलं तर नुकसान हजारांत होतं. ब्रशनं धूळ झटकतो आणि ओल्या फडक्यानं पुसतो. मला हेच पटतं.

आता भाव. लहान गाडीला बाहेरून धुणं आणि आतून व्हॅक्युम मिळून ३५० रुपये, डिकीवाल्या लांब गाडीला ४००, मोठ्या सात सीटवालीला ५००. महिन्यात चार वेळा लावली तर लहान गाडीचे १,२००. एकाच दारात दुसरी गाडी असेल तर तिचे ५० कमी. शेतातून चिखलानं माखून आलेल्या गाडीला १०० जास्त. लग्नात सजवलेल्या गाडीला १५०, कारण चिकटपट्टीचा डिंक काढायला वेळ जातो.

मागच्या अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माझ्या मोठ्या नणंदेचे यजमान धरणगावहून आले होते. ओट्यावर बसून सगळं काम पाहिलं आणि शेवटी त्याला विचारलं, "गाडी धोवाना कितला लेस रे भो?" त्यानं सांगितलं. "इतला?" एवढंच म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना जे समजावलं तेच इथे लिहिते.

हा मुलगा आधी २०० रुपयेच घ्यायचा. पहिल्या वर्षी दिवसाला सात-आठ गाड्या, पहाटे साडेपाचला सुरुवात, दिवेलागणीला घरी. एका मंगळवारी पैसे घेताना त्याचे तळवे दिसले. बोटांच्या पेरांची सालं निघाली होती, मधल्या बोटाला भेग. त्याच आठवड्यात त्याचं पहिलं मशीन जळलं होतं. म्हणाला, "मावशी, दिवाळीनंतर बंद करतो. एवढं राबून हातात काही राहत नाही, कळतच नाही पैसा जातो कुठं."

कर्जाच्या टेबलावर मी हे वाक्य शेकडो वेळा ऐकलं आहे. बहुतेक वेळा पैसा कुठेच गेलेला नसतो, तो मोजलेलाच नसतो. मी त्याला वही घेऊन यायला सांगितलं.

त्याच्या हिशोबात दोनच खर्च होते, इंधन आणि शाम्पू. म्हणून त्याला वाटायचं की गाडीमागे दीडशे सुटतात. आम्ही ओट्यावर बसून एकेक ओळ लिहिली. शाम्पू, टायरचं पॉलिश, आतलं लिक्विड मिळून २२ रुपये. जारचं पाणी ८. इंधन ३०. फडक्यांची झीज १०. ही शेवटची ओळ त्यानं कधी धरलीच नव्हती. चांगलं मायक्रोफायबरचं फडकं फुकट येत नाही, आणि कपडे मऊ करायच्या लिक्विडमध्ये धुतलं तर त्याचे तंतू बंद होतात, मग ते धूळ पकडत नाही, नुसतं फिरवतं. असे ७० रुपये गाडीमागे गेले.

मग धंद्याला बसून लागणारा खर्च, गाडी धुवा किंवा धुऊ नका. त्यानं मुद्रा योजनेच्या किशोर गटात दीड लाखाचं कर्ज घेतलेलं होतं. मुद्रा २०१५ मध्ये सुरू झाली, ५० हजारांपर्यंत शिशु आणि त्यावर ५ लाखांपर्यंत किशोर. तारण लागत नाही, पण हप्ता चुकवून चालत नाही. जुनी तीनचाकी ९५ हजार, मशीन १४, व्हॅक्युम साडेसात, टाकी-पाइप-फ्रेम मिळून १२, छोटा पंप साडेतीन, बादल्या-फडकी ६, आणि १२ हजार हातात ठेवले होते. तीन वर्षांचा हप्ता ४,९०० च्या आसपास. तीनचाकीचा विमा आणि डागडुजी महिन्याला २,०००. मशीनसाठी बाजूला १,०००. फोन आणि किरकोळ ४००. झाले ८,३००. मशीनचे हजार लिहिताना तो म्हणाला, "पण मशीन तर चालू आहे ना?" मी म्हटलं, "बेटा, पहिलंही चालूच होतं."

२०० रुपये भाव आणि महिन्याला १८० गाड्या: ३६,००० आले. त्यातून ७० प्रमाणे १२,६०० आणि वरचे ८,३०० वजा केले तर १५,१०० उरले. रोजचे बारा-तेरा तास राबून, हाताची सालं काढून. आणि हा चांगला महिना. जुलैत लोक म्हणतात, उद्या परत पाऊस येणार, कशाला धुवायची. त्याच्या वहीत जुलैच्या गाड्या ७० होत्या. १४,००० मधून ४,९०० आणि ८,३०० गेले. राहिले ८०० रुपये. संपूर्ण महिन्याचे. तो आकडा त्यानं स्वतः पेनानं लिहिला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला.

मग मी त्याला गाड्या सोडून मिनिटं मोजायला सांगितली. आठवडाभर त्यानं प्रत्येक कामाची वेळ टिपली. गाडी धुवायला ५० मिनिटं, मांडामांड आणि आवराआवर १५, आणि दोन घरांच्या मधे कधी दहा मिनिटं तर कधी चाळीस. सकाळी पिंप्राळ्याहून मेहरूण, तिथून गणेश कॉलनी, परत महाबळ. ज्याचा फोन आधी आला त्याच्याकडे आधी. रस्त्यावरच दिवसाचे दोन-अडीच तास जात होते आणि त्याचे पैसे कुणीच देत नव्हतं.

त्यावरून दोन गोष्टी ठरल्या. वार बांधून घेतले: मंगळवार महाबळ, बुधवार रामानंद नगर, गुरुवार गणेश कॉलनी, असं. त्या वारी त्या भागाबाहेर जायचं नाही. एका दारातल्या दुसऱ्या गाडीला ५० रुपये सूट आहे ती यामुळेच, तिथे मांडामांड आणि रस्ता दोन्ही वाचतात. ती खरी सूट आहे. "पहिल्या धुण्याला अर्धा भाव" अशी जाहिरात करावी का, असं त्यानं विचारलं होतं, मी नको म्हटलं. अर्ध्या भावावर आलेलं गिऱ्हाईक पूर्ण भावाला थांबत नाही.

दुसरी गोष्ट भाव. दिवसाला पाच गाड्या, महिन्याला १२५, यापेक्षा जास्त नीट होत नाहीत हे मिनिटांवरून दिसतच होतं. त्यातून हप्ता, खर्च आणि घरी माणसासारखे पैसे न्यायचे तर सरासरी ३५० पडायलाच हवेत. १२५ गाड्यांचे ४३,७५० येतात, ८,७५० आणि ८,३०० गेले की २६,७०० उरतात. आधीपेक्षा ५५ गाड्या कमी आणि हातात ११,६०० जास्त. पूर्वी हा बसून लागणारा खर्च भरून निघायला ६४ गाड्या धुवाव्या लागायच्या, आता ३० धुतल्या की त्यापुढचे त्याचे.

तो घाबरला होता. गिऱ्हाईक तुटेल ही भीती खोटी नव्हती. ६० कायमच्या घरांपैकी १७ घरांनी पहिल्याच महिन्यात नाही म्हटलं. त्यातले काही रोज सकाळी ओलं फडकं मारून जाणाऱ्याकडे गेले, काही परत अंगणातल्या नळीकडे. आमच्याच गल्लीतले एक जण मला म्हणाले, "ताई, तुम्हीच पोराला बिघडवलं." मला त्यांचा राग आला नाही. फडकं मारून जाणाराही कष्टच करतो, पण सुक्या धुळीवर फिरलेलं फडकं रंगाचं काय करतं ते मी माझ्या बॉनेटवर पाहिलं आहे. १७ पैकी ६ घरं दिवाळीच्या आत परत आली, आणि वार बांधल्यामुळे शेजारपाजारच्या गाड्या आपोआप वाढल्या. एकाच्या दारात काम चाललेलं समोरचा पाहतोच.

एका बाबतीत आमचं अजून जुळत नाही. खंडेनवमीला आणि दसऱ्याला सगळ्यांनाच गाडी हवी असते, हार घालायच्या आधी धुतलेली. त्या दोन दिवसांत त्यानं नऊ-नऊ गाड्या घेतल्या आणि भाव तोच ठेवला. माझं म्हणणं, बांधलेल्या गिऱ्हाइकांना तोच भाव ठेव, पण वर्षातून एकदाच येणाऱ्याकडून ५० जास्त घे, कारण त्याच्यासाठी तू तुझा आराम विकतोस. तो म्हणतो, सणाला भाव वाढवला की माणूस मनातून उतरतो. कदाचित त्याचंच बरोबर असेल, त्याची घरं तो माझ्यापेक्षा जास्त ओळखतो.

पावसाळ्याचा तोडगा मात्र त्यानंच काढला आणि तो मला फार आवडला. जून ते सप्टेंबर फक्त आतून साफ करण्याचंही काम घेतो, ३०० रुपयांत. सीट, छत, मॅट, दारांच्या खाचा, एसीच्या जाळीवरची धूळ. ओलाव्यानं आतून कुबट वास येतो तेव्हा लोक हे आनंदानं करून घेतात आणि पाऊस आडवा येत नाही. शिवाय लग्नसराईच्या महिन्यांत ३,००० ची आरडी लावली आहे, ती जुलैत हप्त्याला उपयोगी पडते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, करून घेतली, तिला पैसे लागत नाहीत. जीएसटीची त्याला कुणीतरी भीती घातली होती. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, आणि त्याची उलाढाल साडेपाच लाखांच्याही आत आहे.

हात कसे आहेत म्हणाल तर आता रबरी मोजे घालतो आणि शाम्पूही रंगाला आणि कातडीला सौम्य असा बदलला आहे, त्याचे गाडीमागे चार रुपये वाढले. ते वहीत लिहिलेले आहेत. पुढच्या वर्षी एक मदतनीस घ्यायचा विचार आहे. मी त्याला सांगितलं आहे की माणूस आला की पाचच्या आठ गाड्या व्हायला हव्यात, सात झाल्या तर त्याचा पगार तुझ्या खिशातून जाईल, तेव्हा आधी आठ घरं रोज भरतात का ते महिनाभर बघ. सध्या तो रोज संध्याकाळी नकार दिलेले फोन मोजतोय.

त्याचा नंबर इथे देत नाही, त्याला विचारलेलं नाही. महाबळ परिसरात मंगळवारी सकाळी सात ते एकच्या मधे निळ्या टाकीची तीनचाकी दिसली की हात करा. फोनवर बोलण्यापेक्षा ते बरं, जागेवर वेळ लिहून घेतो. यावल-रावेरहून गाडी येत असेल तर आधीच सांगा म्हणजे चिखलाचा वेळ धरून येईल, आणि डिकीत केळीचा घड आणला असेल तर डाग तपकिरी व्हायच्या आत बोलवा.